सर्वांत खालचा कोपरा

गॅरेजनं दिलेल्या खर्चाच्या त्या कागदावर सगळं होतं, फक्त कारण नव्हतं. हवा भरणारा कंप्रेसर, गाडी हवेवर तोलणारे पुढचे दोन्ही एअर स्ट्रट, उंची मोजणारे चारही हाइट सेन्सर, सस्पेन्शनचं, म्हणजे गाडी चाकांवर तोलणाऱ्या यंत्रणेचं कंट्रोल मोड्यूल (तिचा छोटा संगणक), शिवाय गिअरबॉक्सची तपासणी वेगळी आणि तिचे पैसेही वेगळे. खाली बेरीज. ती बेरीज गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास जात होती. काउंटरमागचा मुलगा नम्र होता, आवाजही हळू ठेवला होता त्यानं. ‘‘मॅडम, गाडीचं वय झालंय. एवढा खर्च करण्यापेक्षा...’’ एवढं बोलून तो थांबला. मी कागदाची घडी केली आणि बाहेर आले. पार्किंगमध्ये गाडी उभी होती, डॅशबोर्डवर पिवळे दिवे घेऊन. घरी येईपर्यंत मला एकच गोष्ट टोचत राहिली. त्या गॅरेजमध्ये कुणी वाकून चाकामागे बघितलं नव्हतं. स्कॅनर लावला, कोड आले, कोडांची यादी झाली, यादीला किमती लागल्या. उभी असताना गाडी आपोआप खाली बसायची. ती नेमकी कधी बसते, रात्री की दिवसा, पावसात की उन्हात, एवढा प्रश्नही कुणी विचारला नाही.

आमची गाडी २००९ सालची डिस्कव्हरी ३. टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत शोरूम उघडलं. तेव्हा आपल्याकडे ज्या गाड्या आल्या, त्यांतली ही. आमच्याकडे ती खूप नंतर, दुसऱ्या हातानं आली. चौकोनी, उंच, अडीच टनांवर वजन, मागच्या छताला काचा. तिच्यात बसलं की रस्त्यापासून आपण लांब आहोत असं वाटत नाही, उलट रस्ता जास्त दिसतो. गगनबावड्याकडे जाताना शेताच्या बांधापलीकडचं दिसतं, उसाच्या तुऱ्यांवरून नजर जाते. पावसाळ्यात करूळ घाटाच्या तोंडाशी धुकं असं उतरतं, की काच खाली केली की ते आत येऊन मांडीवर बसेल. तिथे या गाडीत मला जेवढं निर्धास्त वाटतं तेवढं कुठेच वाटत नाही. ही काही गरजेची गाडी नाही, हे मला माहीत आहे. डिझेल पिते, शहरात वळवताना जागा मागते. तरी तिच्यावर माझा जीव आहे आणि त्याचं समर्थन मी शोधत बसत नाही.

आईसाठी मात्र ती खरोखर सोयीची आहे. गुडघ्यांमुळे तिला उंच गाडीत चढता येत नाही. या गाडीत एक बटण दाबलं की ती नेहमीच्या उंचीपेक्षा ५० मिलिमीटर खाली उतरते. आत स्थिर बसेपर्यंत थांबते, मग निघाल्यावर पुन्हा वर येते. आई म्हणते, हत्तीसारखी बसते ही, सांगितलं की ऐकते. खराब वाटेवर तीच गाडी ५५ मिलिमीटर वर उचलली जाते. हे सगळं होतं हवेवर. चार चाकांवर स्प्रिंगऐवजी रबराच्या चार पिशव्या, त्यांत दाबलेली हवा. मुंबई-पुणे शिवनेरीनं प्रवास केलेल्या कुणालाही तो आवाज ओळखीचा असेल, थांब्यावर बस टेकताना निघणारा लांब सुस्कारा. लाल एसटीच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवर उड्या मारत वाढलेल्या आमच्या पिढीला हवेवरचा तो प्रवास पहिल्यांदा अविश्वसनीय वाटला होता. १९४८ ची पहिली लँड रोव्हरही पाट्यांवरच उभी होती. १९७० च्या रेंज रोव्हरला कॉइल स्प्रिंग आले, म्हणून ती शेतातही चालली आणि सुटाबुटातल्या माणसांनाही चालली. १९९२ मध्ये त्याच गाडीवर इलेक्ट्रॉनिक्सनं सांभाळलेली हवा आली. आमची गाडी त्या वाटेवरची पुढची.

पंधरा वर्षांपेक्षा जास्त ज्या रबरानं अडीच टन तोलले, कोल्हापूरचे खड्डे झेलले, घाटातला तांबडा चिखल अंगावर वाळवला, त्याला भेगा पडल्या तर बनवणाऱ्याला बोल लावायचं मला कारण दिसत नाही. रबर आहे ते. त्याचं वय होतंच.

पण त्या कागदातलं ‘वय’ मला पटत नव्हतं, कारण ते सगळ्या गाडीवर एकदम सांडलेलं होतं.

रात्रीचा आवाज मला आधी ऐकू आला होता. गाडी अंगणात, माझ्या खिडकीखाली उभी असते. जेवणं आटोपून, भांडी घासून झाली, दिवे मालवले, की खालून एक बारीक फुस्स येतो. नंतर मध्यरात्री कधीतरी पुन्हा. मी बरेच दिवस तो आवाज मांजरांचा समजत होते. मग गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल वाचायला घेतलं आणि एका ओळीवर थबकले. किल्ली बंद केल्यावर दोन तासांनी सस्पेन्शनचं मोड्यूल आपणहून जागं होतं, चारही कोपऱ्यांची उंची तपासतं आणि पुन्हा झोपतं. त्यानंतर दर सहा तासांनी तेच. गाडी वाकडी उभी असेल तर ते सरळ करतं. पण कंप्रेसर रात्री चालवायचा नसतो, म्हणून वर उचलता येत नाही. फक्त हवा सोडता येते. एक कोपरा खाली गेला असेल, तर उरलेले तीन त्याच्या बरोबरीला खाली आणले जातात.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून खाली बघत राहिले. सकाळी गाडी अगदी सपाट बसलेली असायची. चारही चाकं मडगार्डमध्ये सारखीच शिरलेली. म्हणून तर बघणाऱ्याला वाटे की सगळंच गेलं. खरं तर एकच जागा गळत होती आणि बाकीचे तीन रात्रभर थोडे थोडे करून तिच्यासोबत खाली येत होते. गळका कोपरा असा लपून जात होता, की सकाळी टॉर्च घेऊन कितीही वाकलं तरी कळणार नाही.

शिवाजी उद्यमनगरात मला एका ओळखीच्यांनी पाठवलं. तिथल्या गल्लीत शिरलं की लेथच्या कटिंग ऑइलचा वास आधी येतो, मग ग्राइंडरचा आवाज, मग चहाचा. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. बॉनेट उघडण्याआधी मला बसवून सगळं विचारून घेतलं. दिवे कधी लागतात? खड्ड्यात आपटल्यावर, की ब्रेक मारताना? गाडी बसल्यावर चालू केली की किती वेळात उठते? उठताना आवाज कसा येतो? मी सांगत होते आणि ते मान डोलवत होते. मग म्हणाले, ‘‘ताई, दिवा लागला म्हंजे त्यो भाग बिघडला असं न्हवं. दिवा कोन लावतंय त्ये आधी बगू.’’

त्यांनी पहिल्यांदा बॅटरीचे व्होल्ट बघितले, बंद गाडीत आणि स्टार्टर मारताना. अशा गाड्यांना कमी व्होल्टेज सोसत नाही. ते थोडं घसरलं की एकेक मोड्यूल घाबरून भलतंच सांगू लागतं. बॅटरी ठीक निघाली. मग त्यांनी ड्रायव्हरच्या पायाशी डोकं घातलं आणि पोराला गाडीमागे उभं केलं. ब्रेकचा पेडल हातानं हळूहळू, अगदी केसभर, दाबत होते आणि विचारत होते, ‘‘लागला?’’ पोरगा म्हणायचा, ‘‘न्हाई.’’ आणखी थोडा. ‘‘आता?’’ ‘‘लागला... गेला... लागला.’’

पेडलच्या वर काडेपेटीपेक्षा लहान असा एक प्लॅस्टिकचा स्विच असतो. ब्रेक दाबला की मागचे दिवे लावायचं काम तर तो करतोच, पण त्यात दोन संपर्क असतात. पाय पडला की एक जुळतो, दुसरा सुटतो. दोघांनी नेहमी एकमेकांच्या उलट सांगायचं असतं. स्विच झिजला की क्षणभर दोघे एकच बोलतात आणि गाडीला कळत नाही की माणूस ब्रेक दाबतोय की नाही. पूर्वीच्या गाडीत याचा परिणाम एवढाच झाला असता की मागचा दिवा लुकलुकला असता. पण १९८६ मध्ये बॉशनं जगापुढे ठेवलेल्या कॅन बसनंतर गाड्यांचं आतलं जग बदललं. प्रत्येक गोष्टीला वेगळी वायर ओढण्याऐवजी एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवर सगळी मोड्यूलं बोलतात आणि सगळी ऐकतात. त्यामुळे ब्रेकची ती शंका एकाच वेळी गिअरबॉक्सपर्यंत पोचते, उतारावर गाडी आवरणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचते, सस्पेन्शनपर्यंतही पोचते. प्रत्येक जण सावधगिरी म्हणून आपलं काम आखडतं घेतं आणि आपला दिवा लावतं. डॅशबोर्डवर एकामागून एक ओळी येतात, गिअरबॉक्स बिघडला, उतारावरचा कंट्रोल बंद, सस्पेन्शन बिघडलं. चढावर, मागे ट्रक असताना त्या ओळी वाचल्या आहेत मी. पोटात खड्डा पडतो.

नवा स्विच बसला आणि त्या दिव्यांतले बहुतेक विझले. गिअरबॉक्सला कुणी हातही लावला नव्हता. स्विचची किंमत त्या कागदावरच्या कुठल्याही ओळीपेक्षा कमी होती आणि तो स्विच त्या कागदावर कुठेच नव्हता.

एक दिवा राहिला, सस्पेन्शनचा. मामा म्हणाले, आता कुठे गाडी खरं बोलायला लागली.

मी त्यांना रात्रीच्या त्या ओळीबद्दल सांगितलं. मॅन्युअल इंग्रजीत, जाडजूड, आकृत्यांत नुसते आकडे. मी तो भाग त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते ऐकत होते आणि मध्येच त्यांचे डोळे चमकले. ‘‘म्हंजे रात्री तिला झोपू द्यायची. उठूच द्यायची न्हाई.’’ संध्याकाळी त्यांनी सस्पेन्शनचा फ्यूज काढला, खिशात टाकला. टेप घेऊन चारही चाकांपाशी बसले. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं आणि खडूनं टायरवरच लिहायचं. मोड्यूलला वीजच नाही, म्हणजे ते जागं होणार नाही आणि बाकीच्या तिघांची हवा सोडणार नाही. गळणारा कोपरा एकटा खाली जाईल.

सकाळी मी गेले तेव्हा मामा गाडीसमोर स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी काही सांगितलं नाही, नुसती मान पुढे केली. गाडी पुढच्या उजव्या अंगाला झुकली होती, नवख्या माणसालाही लांबून दिसेल इतकी. बाकी तीन चाकांवरचा खडूचा आकडा जागच्या जागी होता. इतके दिवस सगळ्या गाडीचं म्हातारपण म्हणून जे मला दाखवलं गेलं, ते एका कोपऱ्याचं दुखणं होतं. मला फार बरं वाटलं आणि थोडा रागही आला. कुणा माणसाचा नव्हे, त्या घाईचा.

चाक काढायच्या आधी मामांनी गाडी चेसीखाली घोड्या लावून भक्कम उभी केली. हवेवरच्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी जायचं नाही, हा त्यांच्याकडे कडक नियम. हवा सुटली तर अडीच टन एका क्षणात खाली येतात. पोरगा एकदा नुसता हात घालायला गेला तर त्याला असे ओरडले की शेजारच्या लेथवरचा माणूस बघायला आला. मग साबणाचं पाणी, ब्रश. रबराच्या पिशवीला खालच्या बाजूला घडी असते. गाडी खालीवर होते तशी ती घडी उलगडते, मिटते. तिथेच बारीक, जाळीदार भेगा होत्या आणि एका भेगेतून फेसाचे इवलेसे बुडबुडे सावकाश फुगत होते. म्हणजे त्या कागदातली एक ओळ खरी होती. पुढचा स्ट्रट बदलावाच लागणार होता आणि घड्यांची अवस्था बघून मामांनी दोन्ही बदलायला सांगितले. तो खर्च मोठा झाला आणि तो मी मनापासून केला, कारण आता मला का ते माहीत होतं.

त्याच बाजूच्या हाइट सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीची जोडणी, उघडला तर आतल्या पिना हिरव्या झालेल्या. आंबट वरण पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं, तेच तांब्याचं इथे पावसाच्या पाण्यानं झालं होतं. सेन्सर चांगला होता. पिना घासून, नव्या लावून, वरून ग्रीस भरून तो पुन्हा बोलू लागला. चार सेन्सर बदलायची गरज नव्हती.

कंप्रेसरची गोष्ट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. तो मागच्या डाव्या चाकाच्या पुढे, खालच्या अंगाला असतो, प्लॅस्टिकच्या झाकणात. टायरात जेमतेम सव्वादोन बार हवा असते. याला टाकीत पंधराच्या वर दाब चढवायचा असतो. कोपरा गळत होता, म्हणून रोज सकाळी याला चारही कोपरे भरायला धावावं लागत होतं. जास्त धावला म्हणून तापला. तापला म्हणून पिस्टनची रिंग झिजली. सोबत असतो हवा कोरडी करणारा डबा. त्यातल्या खड्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही, ते ओले झाले, त्यांची भुकटी झाली, ती व्हॉल्व्हपर्यंत गेली. मामांनी झाकण उघडून ती भुकटी तळहातावर घेतली, पिठासारखी, थोडी करडी. गळती तशीच ठेवून नवा कंप्रेसर बसवला असता तर तोही याच वाटेनं गेला असता. आमचा त्यांनी पूर्ण सोडवला. रिंग शेजारच्या लेथवर टेफ्लॉनच्या सळईतून कातून घेतली. तिसऱ्या गल्लीतल्या त्या कारागिरानं जुनी रिंग दोन बोटांत धरून फक्त बघितली, मायक्रोमीटर लावला आणि कामाला लागला. कंप्रेसर चालू-बंद करणारा रिले मात्र नवाच घातला, कारण जुना रिले चिकटून बसला तर कंप्रेसर जळेपर्यंत चालू राहतो.

बाजारात नसलेली वस्तू हातानं करून घ्यायची, ही या गावाची जुनी सवय. बाबूराव पेंटरांनी इथेच सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता. आणि दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची ती मेबॅक गाडी येते. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मी ती पाहिली आहे. सगळे सोनं लुटायला पुढे सरकत असत आणि मी त्या गाडीच्या चाकांकडे बघत असे. आता तिच्याकडे बघताना मनात येतं, हिचा एखादा तुटलेला भाग कुठल्या गल्लीत, कुणाच्या हातून घडला असेल? त्या हातांची नावं कुठे लिहिलेली नसतात. राजाच्या गाडीसाठी केलेल्या अशा कामाला आपण परंपरा म्हणतो. माझ्यासारखीच्या गाडीसाठी केलं तर लोक वेड म्हणतात. मला त्या दोन्हींत फरक दिसत नाही.

त्या नम्र मुलाचा मी पुष्कळ विचार केला. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्या हातात एका गाडीसाठी किती वेळ असतो, ते दुसरंच कुणीतरी ठरवलेलं असतं. रात्रभर फ्यूज काढून गाडी उभी करून ठेव, असं त्याला कुणी सांगणार नाही, कारण त्या रात्रीचं बिल कसं लावायचं? मामांनीही त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, रात्री मी कुठं काम केलं, गाडीनं केलं. हे ऐकायला गोड आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. वाट बघणं हेच त्या दुरुस्तीतलं सर्वांत कुशल काम होतं. त्याचे पैसे नसतील तर उद्या ते कोण शिकेल? मामांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, दुसऱ्याच क्षेत्रात. उरला तो पोरगा, जो ‘‘लागला, गेला’’ म्हणत गाडीमागे उभा होता. तो चुणचुणीत आहे, पण आकृतीतली इंग्रजी अक्षरं बघितली की त्याचा चेहरा पडतो.

म्हणून मी एक वही केली आहे. मॅन्युअलमधल्या सस्पेन्शनच्या आणि वायरिंगच्या आकृत्या त्यात काढते, शेजारी मराठीत लिहिते. कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठून निघते, कुठे जाते, बंद असताना किती व्होल्ट हवेत, चालू असताना किती. रंगांच्या खुणा इंग्रजीतच ठेवल्या, कारण वायरवर त्याच असतात. पोरगा पहिल्यांदा वही घरी घेऊन गेला, परत आणली तेव्हा तिच्यावर ग्रीसचे ठसे होते आणि एका पानावर माझी एक वायर चुकीच्या पिनेवर दाखवली आहे असं पेन्सिलीनं लिहिलं होतं. गाडीवर ताडून बघितलं. त्याचं बरोबर होतं.

गाडीची पंधरा वर्षांची मुदत संपली तेव्हा पर्यावरण कर भरून, आरटीओत दाखवून पुढच्या पाच वर्षांचं रिपासिंग घेतलं होतं. त्यामुळे कागदावर ती अजून धडधाकट आहे. अंगणातही आहे. आईला कालच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, ‘‘बस गं’’ म्हणाली, गाडी बसली. हँडब्रेक मात्र आता कुरकुरायला लागला आहे. या गाडीत तो विजेच्या मोटरवर चालतो, ओढला की मागून किंचाळल्यासारखा आवाज येतो. मामांचं म्हणणं, आधी मागच्या ड्रममधला चिखल काढून ब्रेकशू नीट ॲडजस्ट करू, मोटरीला उगाच हात नको. पोराचं म्हणणं, मोटर किती अँपिअर ओढते ते आधी मोजू, मग ठरवू. दोघांचं जुंपलं आहे. मी रविवार मोकळा ठेवला आहे आणि वहीत त्या मोटरचं पान काढायला घेतलं आहे.